पिवळ्या फडक्यातला कार्बोरेटर

मी एक जुना कार्बोरेटर आहे. सध्या मुक्काम एका पुलाखाली, गाळात. मित्रांनो, कहाणी सांगण्याआधी एक हिशेब मांडून ठेवतो. हिशेब आधी मांडला की रडू जरा कमी येते. मला गुन्हेगार ठरवण्यात एका गृहस्थाचा तिहेरी फायदा होता. त्याच्या हातून जे झाकण फरशीवर पडले होते, त्याची वाच्यता होणार नव्हती. सकाळचा चहा बायकोच्या हातचा, गरम आणि वेळेवर मिळणार होता. शिवाय 'सासऱ्याची गाडी' हे दोन शब्द गल्लीच्या तोंडून कायमचे पुसले जाणार होते. एवढ्या लाभापुढे एका जुन्या कार्बोरेटरची अब्रू ती काय! तुम्ही असता तर तुम्हालाही मोह झाला असता. उगीच मान हलवू नका.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेला धातू ओतला, थंड झाल्यावर ठोकून बाहेर काढला आणि माझ्या पोटात पितळेची बारीक छिद्रे बसवली. त्यांना जेट म्हणतात. हवा आणि पेट्रोल यांचा संसार जुळवणे हे माझे काम. हवा जास्त झाली तर इंजिन उपाशी, पेट्रोल जास्त झाले तर इंजिन तर्र. दोघांनाही वाटते, आपल्यालाच कमी मिळाले. कोणत्याही संसारात असतेच तसे.

पण ठिणगी देणे हे माझे काम नव्हे. हे नीट ध्यानात ठेवा. ते खाते माझ्या शेजारच्या एका काळ्या झाकणाकडे होते. त्याच्या डोक्यावर पाच जाड वायरी होत्या; एकीतून ठिणगी आत येई आणि उरलेल्या चारांतून ते चारही प्लगना ती पाळीपाळीने वाटत असे. आम्ही एकाच बॉनेटखाली राहायचो, पण चूल वेगळी.

आमचा पहिला धनी शाळेची बस चालवायचा. दिवसभर दुसऱ्यांची पोरे सांभाळून घरी आला की मला सांभाळायचा. सुट्टीच्या दिवशी मला सोडवून वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि मऊ ब्रशने माझे नाकतोंड साफ करायचा. त्याला एकच लेक. गाडी शिकवताना त्याने तिला पहिला धडा चोकचा दिला. चोक म्हणजे थंड इंजिनाला थोडे जास्त पेट्रोल पाजण्याची दांडी.

"चोक म्हणजे गारठ्यातली शाल," तो म्हणायचा. "अंग तापलं की काढून ठेवायची. उन्हात शाल पांघरून बसलेला माणूस कसा दिसतो?"

"तुमच्या थोरल्या भावासारखा," लेक म्हणायची, आणि दोघे इतके हसायचे की मीही जरा जास्त पेट्रोल ओढायचो.

म्हातारा गेला. जाताना गाडी लेकीच्या नावावर करून गेला. इथेच पहिली ठिणगी पडली, आणि ती काही काळ्या झाकणाची नव्हती.

लेकीचा नवरा बँकेत होता. माणूस तसा वाईट नव्हता. दारू नाही, विडी नाही, हात उगारणे नाही. फक्त त्याला नेहमी बरोबर असावे लागे. गल्लीतले लोक गाडी बघून म्हणत, "वा जावईबापू, सासऱ्याची गाडी झकास ठेवलीय हं!" म्हणणाऱ्याचे दोन शब्द खर्च होत, याची रात्रीची झोप जाई. मीही त्याला जावईबापूच म्हणणार आहे. मेल्यावर एवढी चैन मला परवडते.

गाडी आपली करायची तर काय करायचे? जावईबापूंनी ती धुवायला घेतली. रोज पहाटे बादली, स्पंज, रबरी नळी. आधी टप, मग दारे, मग चाके. सगळे झाले की बॉनेट उघडून नळीचे तोंड थेट आमच्या अंगावर. इंजिन असे चमकायचे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. लोक थबकून बघत. लोक थबकले की जावईबापू आणखी एकदा पाणी मारत.

एके दिवशी हौसेच्या भरात त्यांनी काळे झाकण काढले. ते पुसताना हातातून सटकले आणि फरशीवर टक्कन आपटले. जावईबापूंनी आधी दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग झाकणाकडे. झाकण शाबूत दिसले. त्यांनी ते गुपचूप बसवले आणि शीळ घालत आत गेले. शीळ न येणारा माणूस शीळ घालतो तेव्हा समजावे, काहीतरी पडले आहे.

झाकणाला केसाएवढा तडा गेला होता. कोरडे असले की काही बिघडत नसे. ओले झाले की ठिणगी प्लगकडे जायची ती तड्यातल्या ओलीवरून भलतीकडे पळायची. मग दोन सिलिंडर चालायचे, दोन नुसते वर-खाली व्हायचे.

नेमकी त्याच सुमारास लेकीला रुग्णालयाच्या औषधखिडकीवर नोकरी लागली होती. सहा महिने तात्पुरती, मग कायम. खिडकी सकाळी सातला उघडायची. रुग्णालय नदीपलीकडे, आणि त्या वेळेला बस नव्हती. पण गाडी होती, तिच्या नावाची, तिच्या बाबांच्या हातची. लग्नाआधी शिकून ठेवलेले सगळे तिला त्या खिडकीत पुन्हा हाती लागत होते. पहिल्या आठवड्यात ती गाडीत गुणगुणायची. मी ऐकले आहे.

मग मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून धक्के खाणे, सुरू झाले. पहाटे आम्हाला न्हाऊमाखू घातलेले असायचे. लेक यायची, सेल्फ मारायची. खों, खों, फट्! गाडी सुटायची ती लंगडत. गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. जावईबापू खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे.

"चोक! चोक आत ढकल! किती वेळा सांगायचं?"

"आतच आहे हो."

"मग बाहेर ओढ!"

"आत्ताच आत ढकल म्हणालात."

"बाबांनी शिकवलंय ना तुला? मग बघ बाई तुझं तू."

गाडी पुलापर्यंत रडतखडत जायची. तोवर इंजिनाच्या उबेने झाकण वाळायचे आणि चारही सिलिंडर कामाला लागायचे, पण खिडकी उघडण्याची वेळ टळलेली असायची. संध्याकाळी जावईबापू त्याच गाडीत बसत. ती लोण्यासारखी चाले.

"बघ," ते म्हणत. "माझ्या हातात कशी गाते. गाडीला माणूस कळतं."

लेकीला हळूहळू खरेच वाटू लागले. ती रस्त्यात गाडी थांबवून चोकच्या दांडीकडे बघत बसायची. रोज ऐकवले की माणसाला स्वतःच्या हाताचाही संशय येतो. जावईबापूंना हे कोणी शिकवले नव्हते. अंगचे होते.

शेवटी तिनेच हट्ट धरला, तेव्हा ते गाडी घेऊन उस्तादाकडे गेले. उस्ताद म्हणजे नाक्यावरचा मेकॅनिक. त्याने इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून उपटल्या. चालत्या सिलिंडरची वायर काढली की आवाज पडतो, मेलेल्याची काढली तर फरक पडत नाही. चारही चालू निघाले, कारण दुपार होती आणि आम्ही खडखडीत कोरडे होतो. मग त्याने मला उघडले, जेट उजेडात धरून पाहिले, फुंकर मारली आणि पुन्हा बसवले.

"सकाळीच अडते म्हणता? गाडी धुता का तुम्ही?"

"रोज. स्वतःच्या हाताने." जावईबापूंची छाती फुगली.

उस्तादाने शटर अर्धे खाली ओढले. अंधारात काळ्या झाकणावर पाण्याची चूळ मारली. इंजिन खोकले आणि झाकणावर निळ्या मुंग्या धावू लागल्या. ठिणगी तड्यातून बाहेर पळत होती. इतके सुंदर दृश्य मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

"हे बघा. चोर इथे आहे. पडलंय हे कधीतरी. दुसरं मागवावं लागेल, या गाडीचं लगेच मिळत नाही. तोवर इंजिनावर पाणी मारू नका. ओलं झालंच तर कोरड्या फडक्यानं पुसा, अर्ध्या मिनिटाचं काम."

जावईबापूंनी फुगलेली छाती आत घेतली. झाकण कोणी पाडले, हे घरी सांगावे लागणार होते. आपण रोज हौसेने काय करत होतो, तेही. आणि महिनाभर दारात उभे राहून चोकवर दिलेली सगळी व्याख्याने परत गिळावी लागणार होती. मी त्यांच्या चेहऱ्यावर बेरीज-वजाबाकी चाललेली पाहिली.

"उस्ताद, झाकण राहू द्या. कार्बोरेटर बदला."

"साहेब, तो ठणठणीत आहे."

"ठणठणीत असला म्हणून काय झालं? जुना आहे ना?"

मित्रांनो, न्यायालयात असे वाक्य कोणी बोलत नसेल. घरात रोज बोलतात.

उस्तादाच्या फळीवर एक कार्बोरेटर कैक वर्षे धूळ खात पडला होता, कोणी घेत नव्हते. तो खपणार म्हटल्यावर त्याने मान डोलावली. "तुमची मर्जी, साहेब. आणि बाईसाहेबांना काय सांगायचं?"

"सांगायचं, चोक ओढून ओढून याचा घसा बसला."

मला सोडवले. इतक्या वर्षांची जागा, चार बोल्ट काढायला लागला तेवढा वेळ. जावईबापूंनी मला पिवळ्या फडक्यात गुंडाळले आणि घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर, तिच्या ताटाशेजारी उघडे ठेवले.

"हे बघ. तुझ्या चोकची करामत. उस्ताद म्हणाला, असा छळलेला कार्बोरेटर त्यानं जन्मात पाहिला नाही."

लेकीने मला हातात घेतले. लहानपणी बाबांच्या हाताखाली ब्रशने साफ करायची, तसाच अंगठा फिरवला. "बाबांनी इतकी वर्षं जपला," एवढेच म्हणाली. तिने माझी माफी मागितली, मित्रांनो. माझी! मला तोंड आहे, घसा आहे, पण आवाज इंजिनाचा असतो. तो त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता.

त्यानंतर माझा मुक्काम गाडीतच, गिअरच्या दांडीपुढच्या खणात. मुतखडा काढलेला माणूस तो बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवतो ना, तसे जावईबापू मला दाखवत. गाडीत कोणी बसले की फडके सोडत. "आमच्या हिचं ड्रायव्हिंग!" लोक हसत. लेक मागे बसलेली असली तर तीही हसे. हसले नाही तर 'हिला विनोद कळत नाही' हे वेगळे ऐकावे लागे.

आणि पहाटेची आंघोळ? ती चालूच राहिली. आता तर नळी आधी काळ्या झाकणावर रोखली जायची. पूर्वी नकळत व्हायचे, आता माहीत असून. पाणी तेच, नळी तीच. काचेतून मला बॉनेटच्या फटीत त्यांचे हात दिसत, बॉनेट मिटले की चेहरा. दोन्ही शांत होते.

नवा कार्बोरेटर घालूनही गाडी खोकते म्हटल्यावर लेकीचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही गेला. रुग्णालयातल्या मुख्य बाईंनी सहा महिने भरताना तिला बोलावले. संध्याकाळी गाडीत तिने ते नवऱ्याला सांगितले.

"म्हणाल्या, हुशार आहेस, पण खिडकी उघडायला हुशारी लागत नाही. वेळेवर माणूस लागतं."

"बरोबर आहे त्यांचं," जावईबापू गिअर बदलत म्हणाले. "आणि तुलाही बरंच झालं. दगदग कमी. मला सकाळी फोडणीचा वास न येता घर कसंतरीच वाटायचं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी त्या संध्याकाळी फारच सुरेख चालली होती.

पुढे जावईबापू चार दिवस बहिणीकडे गेले. लेकीला रुग्णालयाचा पांढरा कोट परत करायचा होता. सकाळी सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तिने सेल्फ मारला. तिसऱ्या दिवशीही. गाडी कुरकुरलीसुद्धा नाही. या तीन दिवसांत गाडीला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. ती तशीच उस्तादाकडे गेली.

"उस्ताद, खरं सांगा. गाडी धुतली की अडते ना?"

उस्तादाने आधी पान्याशी चाळा केला, मग खणातल्या माझ्याकडे पाहिले. कदाचित माझीच लाज वाटली असेल. "ताई, झाकणाला तडा आहे. ओलं झालं की ठिणगी पळते. मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हाच?"

"विसरले असतील," उस्ताद घाईने म्हणाला. "मोठी माणसं. शंभर व्याप. झाकण मागवू का?"

तिने उलट विचारले, "ओलं झाल्यावर काय करायचं?"

"कोरड्या फडक्यानं पुसायचं."

"मग राहू दे," ती म्हणाली. "असू दे तसंच."

घरी येताना ती स्वतःशीच म्हणत होती, "विसरले असतील. विसरलेच असतील." माणसाला आपला नवरा विसरभोळा हवा असतो. दुसरे काही असण्यापेक्षा ते बरे.

बँकेची पुलापलीकडे मोठी शाखा उघडायची होती आणि तिचा प्रमुख ठरवायला वरून मोठे साहेब येणार होते. त्यांना पहाटे स्टेशनवरून आणून शाखेच्या जागेवर बैठकीला पोचवण्याचे काम जावईबापूंनी मागून घेतले. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. "तूही चल," ते बायकोला म्हणाले. "मोठ्या साहेबांना घरंदाज माणूस आवडतो. आणि पाण्याची बाटली घे, त्यांना सारखी तहान लागते म्हणे."

त्या पहाटे लेक चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मी खणातून बघत होतो. जावईबापू आले. बादली नव्हती, नळी नव्हती. त्यांनी माझ्या अंगावरचे पिवळे फडके ओढून घेतले, बॉनेट उघडले आणि काळे झाकण सगळ्या बाजूंनी, पाचही वायरींच्या बुडाशी, कोरडे कोरडे पुसले. बाळाचे कान पुसावेत तसे. मग फडके पुन्हा माझ्याभोवती गुंडाळले.

लेकीच्या हातातल्या कपावरची वाफ विरून गेली. तिने घोटही घेतला नाही. उस्ताद खोटे बोलू शकतो. फडके बोलत नाही.

"आज धुतली नाहीत?" तिने विचारले.

"आज उशीर नको व्हायला," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलेही नाही.

स्टेशनबाहेर गाडी लावून जावईबापू फलाटावर धावले. लेक गाडीत राहिली. थोडा वेळ ती बसून होती. मग खाली उतरली, बॉनेट उघडले आणि मोठ्या साहेबांसाठी आणलेल्या बाटलीतले पाणी काळ्या झाकणावर ओतले. घाई नाही. झाडाला घालतात तसे. बाटली अर्धी झाली तेव्हा थांबली. बॉनेट हलकेच लावून ती मागच्या बाजूला येऊन बसली.

मोठे साहेब पुढे बसले. इंजिन अजून गरम होते, म्हणून सुरू तेवढे झाले. जावईबापूंना एक ठसका ऐकू आला, पण बोलायचे इतके होते की त्यांनी तिकडे कानाडोळा केला. गाडी दोन सिलिंडरवर कशीबशी निघाली. स्टेशनपासून पूल जवळच, झाकण वाळायला वेळच नव्हता.

"गाडी जुनी दिसते," साहेब म्हणाले.

"जुनी, पण जिवापाड जपलीय, सर. फक्त आमच्या हिच्या हातात गेली की..." त्यांनी एका हाताने फडके सोडून मला वर काढले. "हा बघा. चोक ओढून ओढून घसा बसवला बिचाऱ्याचा!"

साहेब हसायच्या बेतात होते. तेवढ्यात फट्! गाडीने पुलाच्या ऐन मध्यावर मान टाकली.

जावईबापूंनी सेल्फ मारला. खों, खों. पुन्हा मारला. मागे वाहने तुंबली, भोंगे वाजू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिले. "थोडं पाणी मिळेल?"

"हे घ्या, सर," लेकीने मागून बाटली पुढे केली.

जावईबापूंची नजर अर्ध्या बाटलीवर गेली. मग आरशातून तिच्याकडे. त्यांना सगळे कळले. मित्रांनो, हाच क्षण मी गाळात पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा आठवतो. फडके त्यांच्या मांडीवर होते. कोरडे. उतरायचे, बॉनेट उघडायचे, अर्धा मिनिट पुसायचे. पण पुसले की कबूल झाले. मग इतके दिवस का नाही पुसले, हा प्रश्न बायको साहेबांसमोर विचारणार. त्यापेक्षा त्यांनी चोक ओढला. पुन्हा ओढला. पेट्रोलचा वास गाडीभर पसरला.

"अहो, चोक आत ढकला," लेक गोड आवाजात म्हणाली. "किती वेळा सांगायचं?"

"आत... आतच आहे."

"मग बाहेर ओढा."

मोठे साहेब मागे वळून तिच्याकडे बघत राहिले, मग पुढे. "तुम्ही बाईंच्या चोकचं सांगत होता. आत्ता चोक कोणाच्या हातात आहे?"

 साहेब उतरले. मागून दुधाचा टेम्पो येत होता, त्याला त्यांनी हात केला. टेम्पोत चढताना म्हणाले, "शाखेचं मी बघतो. तुम्ही आहात त्या टेबलावर बरे आहात."

टेम्पो गेला. लेक उतरली, नवऱ्याच्या मांडीवरून पिवळे फडके उचलले, बॉनेट उघडून झाकण पुसले, चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून सेल्फ मारला. गाडी काळा धूर सोडून गाऊ लागली. मी नव्हतो तरी.

जावईबापू खाली उतरून कठड्याला टेकले होते. मी त्यांच्या हातातच राहिलो होतो.

"तुला माहीत होतं?"

"तुम्हालाही होतं."

त्यांना काहीतरी फेकायचे होते. बायको फेकता येत नाही, साहेब फेकता येत नाही, स्वतःला फेकायला छाती लागते. त्यांनी मला फेकले. पडताना मला तिचा आवाज ऐकू आला. "बसा आता. चहाची वेळ झाली."

तर मित्रांनो, आपल्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगण्याची आमच्यात रीत आहे. मी तुम्हाला एवढेच सांगेन, काळजी घेणाऱ्याच्या हातातले पाणी कुठे पडते, तिकडेही लक्ष ठेवा. आता हिशेब मिटवतो. जावईबापूंनी शाखा गमावून किंमत भरली. उस्तादाने काहीच भरले नाही, उलट त्याची फळी रिकामी झाली. तडा गेलेले झाकण अजून गाडीत आहे, रोज पुसले जात असेल. लेकीने दोनदा भरले: एकदा नोकरी, आणि दुसऱ्यांदा पुलावर, जेव्हा हातभर अंतरावर कोरडे फडके असताना ती मागे बसून बघत राहिली. तो चेहरा तिच्या बाबांचा नव्हता. तो मी रोज पहाटे नळीमागे पाहिलेला होता. बाकी जे काही उरले, ते माझ्या नावावर.